न पोचलेला सांगावा

१

हैबती गेल्याची बातमी त्याच्या सख्ख्या बहिणीला एसटीच्या कंडक्टरनं दिली, आणि तीही तिकीट देता देता.

“ठकूआजी, मातीला दिसला न्हाई तुमी?”

“कुणाच्या मातीला?”

कंडक्टरनं जीभ चावली, पण उशीर झाला होता. हैबतीची राखसुद्धा सावडून झाली होती. ठकुबाई हिर्डोशीहून भोरच्या बाजाराला निघाली होती. ती बाजारात गेलीच नाही. भोरच्या स्टँडवर तिनं दुसरी गाडी धरली आणि वेल्ह्याकडचं माहेर गाठलं. दारात हैबतीचा मुलगा समर्थ उभा होता.

“आत्या, तोंड बघायला आली न्हाईस, आता भिंती बघायला आलीस व्हय?” तो म्हणाला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

ठकुबाई विधवा, मूलबाळ नाही. जगात तिचं म्हणावं असं ते एकच दार होतं. ती अंगणात उभी राहून सांगत राहिली, “आरं, मला कुणी सांगितलंच न्हाई. माझ्या रेडिओवर नुसती खरखर व्हती.” आत भांडी वाजत होती. बाहेर कोणी आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मरणाची बातमी रेडिओवर कशाला ऐकायची? तर आमच्या खोऱ्याची रीत सांगायला हवी. पूर्वी मरणाचा सांगावा माणूस घेऊन जायचा. अंगणात उभा राहायचा, सांगायचा आणि पाणीही न पिता परत फिरायचा. फोनवर मरण सांगणं आमच्याकडे अपमानाचं समजतात, आणि ठकुबाईच्या वरच्या वाडीत फोनला रेंज असते कुठं? मग भोरजवळच्या टेकडीवर ‘खोरेवाणी’ नावाचं गावकऱ्यांचं रेडिओ केंद्र सुरू झालं आणि सांगावे रेडिओवर सांगायला लागले. सांगणारा आपलाच, ऐकणारे आपलेच, त्यात कुणाला अपमान वाटला नाही. हळूहळू पायी जाणारी माणसं बंद झाली. खोरेवाणीवर सांगितलं म्हणजे सांगावा पोचला, असं सगळं खोरं धरून चालायला लागलं. त्यानंतर जो आला नाही, त्याला यायचंच नव्हतं.

त्यात ठकुबाईनं माहेरच्या जमिनीचं हक्कसोड करून दिलं नव्हतं. भाऊ मागत होता, ती टाळत होती. लोकांनी लगेच हिशेब जुळवला. म्हातारीला भाऊ नको, वावर पाहिजे.

२

खोरेवाणीचे संस्थापक सावळाराम तात्या मात्र ठकुबाईच्या बाजूनं उभे राहिले. तात्यांचा आवाज असा, की त्यांनी एसटीचं वेळापत्रक वाचलं तरी बायका पदर सावरून ऐकायच्या. त्याच आवाजात त्यांनी रेडिओवरून सांगितलं, “एका बहिणीला भावाचं शेवटचं तोंड दिसलं नाही. कारण शिवऱ्याच्या नव्या केंद्रानं आमची लहर गिळली!”

शिवऱ्याला, पुणे-सातारा हमरस्त्यावर, नुकतंच एका खासगी रेडिओ केंद्राला परवाना मिळाला होता. गाणी, हॉटेलांच्या जाहिराती, मध्ये मध्ये खिदळणं. रेडिओवरचा त्याचा आकडा खोरेवाणीच्या आकड्याला अगदी चिकटून. ‘हे केंद्र आमच्या क्षेत्रात घुसलं, आमचं प्रसारण बिघडवतं’ अशी तक्रार तात्यांनी आधीच केली होती. तिची सुनावणी भोरला व्हायची होती. ठकुबाईच्या डोळ्यांतलं पाणी मिळाल्यावर त्या तक्रारीला धार आली. शिवऱ्याच्या केंद्राच्या पाटीला कुणीतरी डांबर फासलं. खोऱ्यातल्या पुष्कळांना त्यात बरंच वाटलं.

ठकुबाईची जबानी घ्यायचं काम तात्यांनी मंगल शिळीमकरकडे दिलं. मंगलबाई पुण्यात पोलिसांच्या वायरलेस विभागातून निवृत्त होऊन शिवऱ्याजवळ कामथडीला येऊन राहिल्या होत्या. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, या रेडिओला लागल्या. खोरेवाणीच्या समितीवर होत्या आणि समितीतल्या त्या एकट्याच अशा, की ज्यांना तात्यांच्या आवाजानं गुंगी येत नसे. तरी तात्यांवर त्या सध्या खूश होत्या. कामथडीला पूर्वी खोरेवाणी कशीबशी लागायची. हल्ली सकाळचे अभंग अगदी शेजारच्या खोलीत कोणी म्हणतंय इतके स्पष्ट यायचे.

“एकटीची जबानी कशाला? सगळ्यांचीच घेते,” मंगलबाई म्हणाल्या.

“घ्या की,” तात्या म्हणाले. “आपल्याला काय लपवायचंय?”

जाण्याआधी मंगलबाईंनी समर्थला गाठलं. पोरगा ऐकून घेईना. शेवटी म्हणाला, “रेडिओनंच दगा दिला आसं दाखवून द्या. म्या सोता तिला आणाया जाईन. पन न्हाई दाखवलं, तर तिचं नाव आमच्या घरात घेऊ नका.”

म्हातारीचं माहेर राहणार की तुटणार, हे आता मंगलबाईंच्या हातात येऊन पडलं. तात्यांचं म्हणणं खरं ठरेल, असंच त्यांना वाटत होतं.

३

पहिली जबानी स्नेहलची. खोरेवाणीवर सांगावे वाचणारी हीच.

“वाचला होतास का नक्की? का गाण्याच्या नादात राहून गेला?”

स्नेहलचा चेहरा पडला. तिनं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. ‘हैबती यांचे आज सकाळी निधन झाले. हिर्डोशीच्या त्यांच्या भगिनी ठकुबाई यांनी...’ इथं वाचणारी अडखळली होती. तिनं तो सांगावा पुन्हा पुन्हा, सकाळी आणि दुपारीही वाचला होता.

“माझी आजी बी हिर्डोशीचीच,” स्नेहल म्हणाली. “म्या कशाला चुकवीन बाई?”

मंगलबाईंना आपल्या प्रश्नाची लाज वाटली. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, “हिर्डोशीकडून तुला फोन येतात का गं?”

“खालच्या गावातनं यायचे की. गाण्यांच्या फर्माइशी लई. पर आता येतच न्हाईत.”

“हैबती गेल्यापासून?”

स्नेहल विचारात पडली. “न्हाई... त्याच्याबी आधीपासून बंद झाल्यात. आता सगळ्या फर्माइशी कामथडी, शिवरे, तिकडच्याच असत्यात.”

मंगलबाई दारातच थांबल्या. शिवऱ्याचं केंद्र खोरेवाणीला गिळत असेल, तर खुद्द शिवऱ्यातून फर्माइशी येतातच कशा?

४

शिवऱ्याच्या केंद्रावर शेफाली नावाची तरुण बाई प्रमुख होती. डांबर फासलेली पाटी तिनं तशीच ठेवली होती.

“खोरेवाणीच्या समितीवर आहात ना तुम्ही?” तिनं विचारलं. “बसा. फोडायचं काही राहिलं असेल तर आधी सांगा, मी बाजूला होते.”

मंगलबाईंनी हे ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुमच्या केंद्रामुळे हिर्डोशीला आमचं केंद्र ऐकू येत नाही, असं आमचं म्हणणं आहे.”

“हिर्डोशी?” शेफाली हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. “मॅडम, मध्ये एवढे डोंगर. आमचा आवाज भोरच्या पुढं धापा टाकतो, तो वरंधा घाटाच्या तोंडापर्यंत कसा जाईल? आणि गिळण्याचं म्हणाल तर उलटंच आहे. हे ऐका.”

तिनं मोबाईलवर कामथडीच्या एका श्रोत्यानं पाठवलेला आवाज लावला. सिनेमातलं गाणं चाललं होतं आणि त्याच्या पोटातून टाळांचा आवाज वर येत होता. अभंग. पाठोपाठ तात्यांचा भारदस्त आवाज: ‘नमस्कार मंडळी...’

“गेल्या महिन्यात हे सुरू झालं,” शेफाली म्हणाली. “त्याआधी तुमचं केंद्र इथं कोणाला धड लागत नव्हतं. अचानक आमच्या गाण्यांत घुसायला लागलं. मीही तक्रार करणार होते. तेवढ्यात आमच्याच पाटीला डांबर लागलं.”

बाई पढवल्यासारखी बोलते, असं मनाशी म्हणून मंगलबाईंनी निरोप घेतला. हमरस्ता ओलांडताना मात्र त्यांच्या डोक्यात तो अभंग वाजत राहिला. त्या दिवशी तो त्यांनीही घरी ऐकला होता. ऐकता ऐकता पोळ्याही लाटल्या होत्या.

५

हिर्डोशीच्या थांब्यावरून वरच्या वाडीपर्यंत चढ आहे. नाचणीची खाचरं मागं टाकून मंगलबाई पोचल्या, तेव्हा ठकुबाई ओट्यावर बसली होती. शेजारी रेडिओ चालू होता आणि त्यातून फक्त खरखर येत होती.

“बंद का करत नाही, आजी?”

“कवा बोलंल कुणास ठावं. त्या दिशी बंद आसंल, मीच झोपली आसंल, आसं म्हायेरची मानसं म्हनत्यात. म्हनून आता चालूच ठिवते.”

“या खरखरीत मध्येच कुठं गाणं, जाहिरात, माणूस बोलतोय असं काही?”

“काय न्हाई बाई. तापल्या तव्यावर पानी पडावं तसं नुसतं.”

मंगलबाईंनी स्वतः रेडिओ कानाशी धरला. काटा हळूहळू फिरवला. नोकरीत असताना असाच काटा फिरवत दिवस गेले होते. खोरेवाणीच्या जागी खरखर. शेजारी, शिवऱ्याच्या जागीही खरखर. कोणी कोणाला दाबत नव्हतं, कारण तिथं कोणी नव्हतंच.

त्यांनी रेडिओ खाली ठेवला. मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. “आजी, हक्कसोड का दिलं नाही हैबतीला?”

ठकुबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “त्यो वर्सातनं दोनदा यायचा, सही मागाया. यायचा, जेवायचा, भांडायचा, जायचा. सही दिली आसती तर मंग कशाला आला आसता?” पदर सोडून ती म्हणाली, “वावराला काय करायचंय मला? सारवाया बी आता वाकता येत न्हाई.”

मंगलबाईंना खाली बघावं लागलं. हा प्रश्न त्यांनी विचारला होता, कारण लोकांनी जुळवलेला हिशेब त्यांनीही मनात धरला होता. 

६

परत येताना मंगलबाई घरी गेल्या नाहीत. थेट खोरेवाणीच्या टेकडीवर गेल्या आणि खांबाखाली मान वर करून उभ्या राहिल्या.

दिवाळीच्या आधी खांबाला लाल-पांढरा रंग मारला होता. रंगारी आळशी निघाला. वरचे अँटेनाचे दांडे न काढताच त्यानं त्यांच्या आजूबाजूनं ब्रश फिरवला होता, आणि त्यावरून समितीत वादही झाला होता. म्हणजे दांडे जिथं बसवलेले, तिथं रंग लागलेलाच नसणार. आणि खरंच, खांबाच्या मावळतीच्या अंगाला, हिर्डोशीच्या बाजूला, गंजकं लोखंड उघडं दिसत होतं. दांडे तिथं नव्हते. ते उलट्या अंगाला, रंगावर, हमरस्त्याकडे तोंड करून बसले होते.

केंद्राचा तंत्रज्ञ गोरख खाली वायर गुंडाळत होता.

“गोरख, खांबावर शेवटचा कधी चढला होतास?”

“दिवाळीच्या आदी. रंगाच्या टायमाला.”

“मग हे दांडे काय वाऱ्यानं फिरले?”

गोरखनं वर पाहिलंच नाही. वायर हातातून सुटली तरी तो ती उचलायला वाकला नाही.

“बाई, मला इचारू नका. शपथ घातलीया मला.”

“कुणी?”

आतून माइकवरचा आवाज आला. ‘नमस्कार मंडळी...’ गोरखनं त्या आवाजाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

७

दुसऱ्या दिवशी मंगलबाईंनी सगळ्यांना खोरेवाणीच्या छोट्या खोलीत बोलावलं. तात्या, स्नेहल, गोरख. शेफालीलाही बोलावलं, ती दाराजवळ उभी राहिली. समर्थ भिंतीला टेकून होता. तात्यांनी चहा सांगितला होता. ते नेहमीसारखे मोठ्यानं बोलत होते.

“तक्रार तयार झाली का, मंगलताई?”

“तक्रार चुकीच्या माणसाविरुद्ध आहे, तात्या,” मंगलबाई म्हणाल्या. “शिवऱ्याचं केंद्र माझ्या घराच्या उशाला आहे. ते खोरेवाणीला गिळत असतं तर पहिला घास माझ्या घरचा गेला असता. माझ्याकडे तर तुमचे अभंग घासून पुसून येतात. आणि मी मूर्ख, खूश होते! कुठून आला हा आवाज, कोणाचा कमी करून आला, असं एकदाही मनात आलं नाही.”

तात्यांच्या हातातला कप तसाच राहिला.

“एक केंद्र दुसऱ्याला दाबतं तेव्हा दाबणाऱ्याचा आवाज येतो. ठकुबाईच्या रेडिओवर कोणाचाच येत नाही. म्हणजे तिथं आपली लहर कोणी मारली नाही, ती तिथं गेलीच नाही. हिर्डोशीच्या फर्माइशी हैबती जायच्या आधीच बंद झाल्या आणि हमरस्त्याच्या वाढल्या. त्याच सुमाराला शेफालीच्या गाण्यांत टाळ वाजायला लागले. कुणीतरी आपल्या केंद्राचं तोंड हिर्डोशीकडून काढून शिवऱ्याकडे केलं. खांबावर त्याची खूण आहे, बाहेर जाऊन कुणीही बघा. गोरख चढला, पण गोरखला चढायला सांगणारा या खोलीत एकच आहे.”

कोणी बाहेर गेलं नाही. गोरखचे डोळे भरले होते, तेवढं पुरेसं होतं.

“चार दिवसांचाच प्रश्न होता,” तात्या म्हणाले. तो आवाज त्यांचा वाटलाच नाही. “सुनावणीत पहिला प्रश्न हाच, की शिवरे-कामथडीला तुमचं केंद्र ऐकू येतं का? येत नसेल तर तो भाग तुमचा कसा? इतकी वर्षं राबलो. जाहिराती देणारी माणसं शिवऱ्याच्या केंद्राकडं गेली, बघवत नव्हतं. म्हटलं, सुनावणीपुरतं तोंड फिरवू. हिर्डोशीवाले कुठं जातायत? ते आपलेच आहेत.”

“आणि हैबती गेला तेव्हा?”

तात्यांनी कप खाली ठेवला. “स्नेहल वाचत होती. मी हितंच बाहेर खुर्चीवर बसलो होतो. ठकुबाईचं नाव ऐकलं. आवाज तिकडं जात नाही, हे मला ठाऊक होतं.” ते थांबले. “मोटरसायकल दारात उभी होती.”

“मग?”

“वाटलं... कुणीतरी सांगेल.”

स्नेहल हुंदका देऊन उठून गेली. शेफालीनं तोंड फिरवलं. तिला न्याय मिळाला होता, पण तिलाही तो घ्यावासा वाटत नव्हता.

“आणि नंतर त्याच म्हातारीचं रडू तुम्ही तक्रारीला जोडलंत,” मंगलबाई म्हणाल्या.  तक्रारीवर समितीच्या सगळ्यांबरोबर त्यांचीही सही होती. तात्यांना फाडून खायची त्यांची तयारी होती. प्रत्यक्षात त्यांना एवढंच कळत होतं, की या खोलीत मान ताठ ठेवण्याजोगं कोणी नाही. त्याही नाहीत.

समर्थ भिंतीपासून सरळ झाला. “मला आत्याकडं जायाचंय,” तो म्हणाला. “आत्ताच.”

८

गोरखनं दांडे पुन्हा हिर्डोशीकडे वळवायला घेतले, आणि बाकीचे हिर्डोशीला निघाले. वाडीचा चढ चढताना तात्या दोनदा थांबले. कोणी त्यांना हात दिला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही.

ठकुबाई ओट्यावरच होती. समर्थनं जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मंगलबाईंनी थोडक्यात सगळं सांगितलं. तात्यांचं नाव घेताना त्या अडखळल्या, म्हणून तात्यांनी स्वतःच पुढं होऊन ते घेतलं. ठकुबाई ऐकत राहिली. रागावली नाही, रडलीही नाही. रेडिओ चालू होता, तो तिनं हात लांबवून बंद केला.

मग समर्थकडे बघून तिनं एवढंच विचारलं, “माझी वाट बघितली का रं?”

समर्थला ‘नाही’ म्हणता आलं असतं. ‘हो’ म्हणून थांबताही आलं असतं.

“बघितली,” तो म्हणाला. “उनं कलेपातुर बघितली. सगळी म्हनत व्हती, थांबा, ठकू येईल. बाचं तोंड बी झाकलं नव्हतं. म्याच म्हनलं...” त्याचा आवाज फुटला. “म्याच म्हनलं, ती न्हाई यायाची. उचला.”

 मंगलबाईंनी डोळे मिटून घेतले. हे ऐकायला आपण इथं नसायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

ठकुबाईचा हात समर्थच्या डोक्यावर होता. तो तिनं काढला नाही. मग ती तात्यांकडे वळली.

“तात्या, उद्या रेडिओवर काय सांगनार?”

“सगळं सांगतो, ठकुबाई. माझ्या तोंडानं सांगतो. काही लपवणार नाही.”

“तुमचं तुमी समदं सांगा,” ती म्हणाली. “पोरानं ‘उचला’ म्हनलं, ते मातूर सांगू नका. त्याला ह्याच खोऱ्यात ऱ्हायाचंय.”

इतकी वर्षं खोऱ्याशी बोलणारे तात्या ओट्यापुढं आले. त्यांनी हात जोडले. वर बघायचं त्यांचं धाडस झालं नाही, आणि ते तसेच खाली मान घालून अंगणात उभे राहिले.